दिवाण ॲव्हेन्यूचा चिटणीस

शिकागोच्या उत्तर भागातील ज्या रस्त्याला आपण डेव्हन ॲव्हेन्यू म्हणतो, त्याचा उच्चार तिथले जुने रहिवासी दुसऱ्या अक्षरावर सगळा भार टाकून 'डिव्हॉन' असा करतात. आणि गर्दीत तो ओझरता कानी पडला की 'दिवाण' असाच भास होतो. या भासातील इशारा मी वेळीच ओळखला असता, तर भारताच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीच्या दिवशी तेथील पदपथावर मेज मांडून, स्वतःच्या विनोदी लेखसंग्रहाच्या चाळीस प्रती रचून, हाती झरणी घेऊन बसण्याचे धाडस मी कदापि केले नसते.

धाडसाला आधार पंडिता रमाबाईंचा होता. 1887 मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या हजारो प्रती अमेरिकेत खपवल्या, आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उभे केले. माझ्यापुढे असे कोणतेही लोकोत्तर कार्य नव्हते. विमानकंपनीने मंजूर केलेले पन्नास पौंड तेवढे होते, आणि त्या हद्दीतून सौभाग्यवतींची चकलीची भाजणी, गोडा मसाला व लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या बेदखल करून मी पुस्तकांना कब्जा दिला होता. या प्रकरणाचा निकाल आमच्या घरी अद्याप लागलेला नाही.

रस्ता मोठा सहिष्णू. पटेल बंधूंनी 1974 मध्ये आपले पहिले किराणा दुकान येथेच थाटले. पुढे नगरपालिकेने या एकाच रस्त्याच्या निरनिराळ्या तुकड्यांना गांधी, जिना, गोल्डा मायर आणि शेख मुजीब यांची नावे मानाने बहाल केली. ज्या रस्त्यावर ही चौकडी एका ओळीत गुण्यागोविंदाने नांदते, तिथे एका मराठी लेखकाची सोय सहज लागेल, असा माझा कयास होता. सोय लागलीही, केवळ हुद्दा निराळा मिळाला.

माझ्या उजवीकडे मेंदी होती, डावीकडे जिलबी. दोहोंपुढे रांगा होत्या. मेजामागे बसलेला, चष्मा लावलेला, पुढ्यात कागद आणि हातात लेखणी असलेला मनुष्य सरकारीच असला पाहिजे, ही जी श्रद्धा आपल्या लोकांत मामलेदार कचेरीच्या ओट्यापासून रुजली आहे, तिला सात समुद्रांच्या पाण्यानेही ओल धरलेली नाही. पहिल्या गृहस्थांनी मोटारीच्या दंडाची पावती पुढे करून तो माफ होण्याची तजवीज विचारली. दुसऱ्यांनी पारपत्राच्या अर्जावरचा, दोन इंच लांब व दोन इंच रुंद असा आपला फोटो दाखवून 'कान दिसतात ना?' अशी पृच्छा केली. कान दिसत होते. मी तसे सांगितले, आणि तेवढ्याने माझी नेमणूक कायम झाली.

दुपारपर्यंत मी सहा अर्ज तपासले आणि एक मुखत्यारपत्र समजावून सांगितले. पुस्तकांचा उपयोग मात्र झाला नाही असे म्हणवत नाही. मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यात ते दस्तऐवज त्यांनी उत्तम प्रकारे दाबून धरले.

अखेरीस भडोचकडच्या एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षिका आल्या. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला त्यांनी ऑगस्टातच काढून ठेवण्याचे योजले होते. "भाई, हुं जीवती छुं, एटलुं लखी आपो," त्या म्हणाल्या. मी नम्रपणे निवेदन केले की तसा अधिकार वकिलातीचा अगर नोटरीचा; शिवाय ऑगस्टातल्या हयातीवर नोव्हेंबरात सरकारचा विश्वास बसत नाही. त्यांनी माझ्याकडे, मग अस्पर्श चाळीस प्रतींकडे पाहिले आणि, वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाकडे पाहावे तशा दयेने, पंधरा डॉलर काढून मेजावर ठेवले. मराठी त्यांना वाचता येत होती, कारण लिपी हिंदीचीच. कळणार नव्हती, याची त्यांना फिकीर नव्हती.

दिवसातली पहिली विक्री! गहिवरून मी पहिले पान उघडले. पण सकाळपासून हाताला जे वळण पडले होते त्यानेच हात चालला, आणि सही करून पाहतो तो तिच्यावर मीच लिहिले होते : 'येणेप्रमाणे मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा असे.'

बाईंनी तो लेख चष्म्याजवळ नेऊन तपासला. मान डोलावली. मग सहीच्या बाजूच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी विचारले,

"अने सिक्को?"