एकाची शर्यत, चौघांचा प्रवास

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये माणूस एका दिवसात ३.८ किलोमीटर पोहतो, १८० किलोमीटर सायकल मारतो आणि एवढ्याने समाधान न झाल्यामुळे पुढे ४२.२ किलोमीटर धावतो. बेरीज २२६. म्हणजे जवळजवळ पुणे ते कोल्हापूर. एवढ्या वाटेत सामान्य माणूस तीनदा चहा घेतो, साताऱ्याला कंदी पेढे बांधून घेतो आणि घरी आल्यावर आठवडाभर पुरेल इतके बोलतो. ट्रायथलॉनवाल्याला मात्र वाटेत काय पाहिले म्हणून विचारा. पाण्यात त्याला पुढच्याचे तळवे दिसले, सायकलवर पुढचे चाक आणि मनगटावरचे घड्याळ दिसले, धावताना स्वतःचे बूट दिसले. एवढ्या भांडवलावर प्रवासवर्णन लिहिता येत नाही. माझा दावा असा की या खेळात स्पर्धक फक्त अंतर कापतो, प्रवास त्याचे मित्र करतात. शिवाय प्रवासाला निघणारे मित्र नसतील, तर अंतरही कापले जात नाही.

पुराव्यासाठी कोल्हापूर घेऊ, कारण या वेडाची तिथे जोरात लागण झाली आहे. गोव्यात २०१९ साली मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन या नावाने होणाऱ्या ट्रायथलॉनची अर्ध्या अंतराची स्पर्धा सुरू झाली : १.९ किलोमीटर पोहणे, ९० सायकल, २१.१ धावणे. कोल्हापूरकर तयारी करतात ती तिच्यासाठी, आणि ती येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे तयारीचे ऐन महिने पावसाचे, आणि पाऊस म्हणजे कोल्हापूरचा. राजाराम तलावात पोहणारा पाण्यात उतरला की काठावरच्या मित्राचे काम सुरू होते. चपला, किल्ल्या, चष्मा आणि मोबाइल सांभाळायचे, आणि पोहणाऱ्याच्या कमरेला बांधलेला, पाण्यावर हलणारा केशरी फुगा आपल्याच माणसाचा आहे ना, यावर डोळा ठेवायचा. मग रविवारी गगनबावडा. जाऊन-येऊन सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे सरावाला मापात बसणारे. कळे मागे पडते, असळज येते, कुंभी नदी सोबत करते, भाताची रोपे लागलेली असतात आणि गगनगड ढगात बुडालेला असतो. हे सगळे मागच्या गाडीतला मित्र पाहतो. सायकलवाला पाहतो ते खड्डे, आणि पावसाळ्यात तेही पाण्याने भरलेले असल्यामुळे त्यांची खोली अनुभवानेच कळते. परत आल्यावर सायकलवरून उतरून लगेच धावायचे असते, पायांना नवे काम कळावे म्हणून. पायांना ते कळत नाही. ते अजून पेडल मारण्याच्याच मनःस्थितीत असतात आणि माणूस भरल्या बैलगाडीसारखा डुलत पुढे सरकतो. त्या वेळी सायकल कोणी तरी धरावी लागते. धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात मिसळीची प्लेट असते, हा योगायोग नव्हे. स्पर्धकाने तासाला साठ ग्रॅम कर्बोदके मोजून पोटात घालायची आणि मित्राने न मोजता, अशी ही श्रमविभागणी आहे.

हा सगळा कोल्हापुरी लाड आहे, मूळ खेळ एकट्या वीराचा आहे, असे कोणी म्हणेल. मूळ तपासून पाहू. खेळाचा उगमच गप्पांत आहे. १९७७ साली हवाईतल्या ओआहू बेटावर एका धावण्याच्या शर्यतीच्या बक्षीस समारंभात धावणारे श्रेष्ठ की पोहणारे, असा वाद रंगला. आपल्याकडे असा वाद चहाबरोबर संपतो. तिथे जॉन कॉलिन्स नावाचा नौदल अधिकारी बसला होता. त्याने सायकलवाल्यांनाही वादात ओढले आणि बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापुढे एक जोडून टाकल्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण निघाले, बारा जण पोहोचले. नियम असा होता की मदतीला माणसे ज्याने त्याने आणायची. पाणी, खाणे, दिशा, सगळे मित्रांच्या हवाली. जॉन डनबर बराच वेळ आघाडीवर होता. धावताना त्याच्या मदतनिसांकडचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी हाती होती ती बिअर त्याला पाजली. तो दुसरा आला. पहिला आला गॉर्डन हॅलर, ११ तास ४६ मिनिटांत. त्याच्या पायांचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही, पण त्या दिवशीच्या निकालात मदतनिसांच्या डबाबाटलीचाही वाटा होता, हे कोणीही पट्टीचा सहलबाज मान्य करील.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आजच्या नियमांत बाहेरची मदत चालतच नाही. मित्राने स्पर्धकासोबत धावायचे नाही, हातात केळे द्यायचे नाही, शेवटची रेषासुद्धा बरोबर ओलांडायची नाही. सायकलवर पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवणे हाही गुन्हा. मग मित्र कशाला? पण नियम कशावर बंदी घालतात, ते पाहावे. निरुपयोगी गोष्टीवर बंदी घालण्याचे कष्ट कोणी घेत नाही. पुढच्याच्या आडोशाने चालवणारा बरीच ताकद वाचवतो म्हणून अंतर राखायला लावतात; सोबतीने माणूस आपल्या कुवतीपेक्षा लांब जातो म्हणून सोबत अडवतात. बंदी ही मैत्रीला मिळालेली अधिकृत पावती आहे. शिवाय ती फक्त शर्यतीच्या दिवसापुरती. आधीच्या सहा-आठ महिन्यांवर कोणत्याही पंचाचा अंमल नसतो. आणि नॉर्वेत तर बंदीचा हा पडदाही ठेवलेला नाही. २००३ पासून तिथे नॉर्समन नावाची शर्यत होते. पहाटे पाचला फेरीबोटीतून हार्दांगर फ्योर्डच्या गार पाण्यात उडी मारायची, मग पठार ओलांडत १८० किलोमीटर सायकल, मग धावत गाउस्टाटोप्पेन या १,८८३ मीटर उंचीच्या डोंगरावर. वाटेत आयोजकांचे खाण्यापिण्याचे टेबल नाही, गाडी आणि मदतनीस स्पर्धकानेच आणायचे, आणि शेवटची डोंगरवाट मदतनिसाने बरोबर चढलीच पाहिजे. म्हणजे एवढा वेळ गाडीतून नॉर्वे पाहत आलेल्या मित्राला शेवटी तिकिटाचे पैसे पायांनी चुकवावे लागतात. माझ्या दाव्याला एवढीच एक अडचण आहे, आणि ती न्याय्य आहे.

तिसरा आक्षेप अनुभवी लोकांचा : मित्र तयारी बिघडवतात. यात तथ्य आहे. ‘पाच मिन्टांत निघूया’ म्हणून पाऊण तास घालवणारा, पंक्चर काढता येत नसताना पंप हिसकावून घेणारा, चढावर गाडी शेजारी आणून ‘काय भावा, दमलास व्हय?’ विचारणारा, असे नमुने प्रत्येक कंपूत असतात. पण पहाटे साडेचारला पावसात घराबाहेर पडण्यामागे निर्धार असतो, हा समज स्पर्धकांनीच पसरवलेला आहे. निर्धार गजराबरोबर दहा-दहा मिनिटे पुढे ढकलता येतो. कोपऱ्यावर गाडी चालू ठेवून उभा असलेला माणूस पुढे ढकलता येत नाही. माणूस उठतो तो लाजेने, आणि एकट्याने लाज बाळगण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. त्यासाठी दुसरा लागतो. पाऊण तास वाया घालवणारा मित्र उरलेले चार तास घडवून आणतो, हा हिशेब तोट्याचा नाही.

शर्यतीच्या वेळी हाच कंपू आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गोव्यात उतरतो. आंबोलीला धबधब्याखाली भिजतो, पणजीत माशांच्या थाळीचा तौलनिक अभ्यास करतो. स्पर्धक शेजारी बसून आमटी-भात चिवडतो, कारण उद्या पोट बिघडायला नको. दुसऱ्या दिवशी साडेआठ तासांच्या मुदतीत तो मिरामार भागात समुद्र आणि रस्ता दोन्ही पार करतो, आणि गोवा कसा होता हे त्याला संध्याकाळी मित्रांकडून कळते. म्हणून तयारीला लागणाऱ्याने खरेदीचा क्रम बदलावा. आधी मित्र, मग सायकल. सायकल नवी घ्यावी की जुनी, यावर दोन मते होऊ शकतात. मित्र मात्र जुनाच हवा, कारण भर पावसात पहाटे साडेचारला नवा माणूस फोन उचलत नाही.