दाबा, धरा, सोडा

आमच्या इमारतीतले काका बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी दोन निश्चय केले. रोज पहाटे फिरायला जायचा निश्चय आठवड्यात मोडला. दुसरा असा, की यापुढे आपल्या गाडीच्या ब्रेकला परका हात लागू द्यायचा नाही. तो अजून टिकून आहे आणि तो टिकवण्यात माझा उजवा पाय खर्ची पडतो आहे.

गाडी म्हणजे १९९८ सालची मारुती झेन. महिन्यातून दोनदा हलते. एरवी उभी. उभ्या गाडीला गंज धरतो, पुढच्या कॅलिपरचा पिस्टन अडकतो, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो आणि चाक तापतं. मंडईतून परत आले की काका भाजीची पिशवी बाजूला ठेवून आधी चाकाजवळ उलटा हात नेतात, नातवाच्या कपाळाला लावावा तसा. "कणकण आहे हो," असं ते म्हणाले की आपला रविवार गेला म्हणून समजायचं.

गॅरेजमध्ये का देत नाही, असं मी एकदाच विचारलं. "तो पेट्रोलने धुतो!" काका म्हणाले. देवघरात कोणी चपला घालून शिरल्यासारखा चेहरा. पेट्रोल लागलं की आतलं रबर फुगतं, हे अगदी खरं आहे. त्यांच्या रागाबद्दल माझी तक्रार नाही. तो पहाटे सहाला ऐकावा लागतो एवढंच.

शनिवारी नाना पेठेतून किट आणायचं, माझ्या स्कूटरवरून. रविवारी गाडी जॅकवर, खाली घोडे, मागच्या चाकांना विटा. हवेच्या पंपाने पिस्टन उडवणारे लोक काकांच्या लेखी अडाणी, कारण तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि मध्ये बोट असेल तर बोटाची शाश्वती नाही. म्हणून तो ब्रेकच्याच दाबाने हळूहळू बाहेर काढायचा. मी आत बसून पेडल दाबणार, ते खाली परात धरून बसणार. पहिल्या खेपेला मी जरा उत्साहाने दाबलं. पिस्टन ठणकन परातीत पडला, मागोमाग ब्रेक ऑइल, आणि वरून गॅलरीतून काकूंचा आवाज आला, "अहो, ती कणकेची परात!" त्या परातीत पुन्हा कणीक मळली गेली नाही.

सुटलेल्या प्रत्येक वस्तूची वहीत नोंद होते. काढलं ते 'जमा', बसवलं ते 'नावे'. दोन पिना, एक निपल, तांब्याचे दोन वॉशर. संध्याकाळी बाकी शून्य आल्याशिवाय कोणाला घरी सोडत नाहीत.

पण या माणसाला पाहावं ते रिंग हातात असताना. जुनी रबरी रिंग चिमटीत धरून ते मला जवळ बोलावतात. तिचा छेद गोल नाही, चौकोनी असतो. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला घट्ट धरून बसलेली रिंग किंचित पिळवटते. पाय उचलला की ती सरळ होते आणि पिस्टनलाही मागे घेऊन येते. स्प्रिंग नाही, काही नाही. "केसभर ओढते," काका म्हणतात, "पण रोज ओढते. आमच्या ब्रँचमध्ये असा एक माणूस नव्हता."

ब्रेक ऑइलची बाटली ते लोणच्याच्या बरणीसारखी जपतात. कारणही तेच, ओल. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरं तेल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये. पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. घाटात तेल उकळलं की पेडल थेट तळाला. झेनने घाट पाहिल्याला किती वर्षं झाली, हे मी विचारत नाही.

शेवटी हवा काढायची. "दाबा!" मी दाबतो. "धरा!" ते निपल ढिला करतात, नळीतून बुडबुडे बाटलीत जातात. निपल आवळला की "सोडा!" असं चाळीस वेळा. एकदा मध्येच माझा फोन वाजला आणि पाय उचलला गेला. गेलेली हवा परत आत. काका गाडीखालून बाहेर आले आणि फाटकी नोट उजेडात धरून बघावी तसं माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा पहिल्यापासून, तेही चारही चाकं.

ब्रेक मात्र असे लागतात की कोणत्याही गॅरेजने शिकावं. वहीत खाली लिहिलं जातं, 'मजुरी : शून्य'. मग गाडी पंधरा दिवस जागेवर उभी राहते.

येत्या रविवारी उजव्या कॅलिपरची पाळी आहे आणि मला गावी लग्नाला जायचंय. कोथरूडच्या आसपास सकाळी सहा ते दुपारी दोन मोकळं कोणी असेल तर कळवावं. गाडी चालवता आलीच पाहिजे असं नाही. फोन घरी ठेवून यावं. चहा दोनदा मिळतो.