पाठमोरा एसी

ठाण्या-पुण्यात भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलतात, घरमालक काका मात्र तेच राहतात. करारनाम्याला जोडलेल्या यादीत पंखे, ट्यूबलाइट आणि गिझर यांच्या पंक्तीला 'विंडो एसी, दीड टन, 1 नग, चालू स्थितीत' अशी ओळ घालून ते सही घेतात. बटण दाबलं की यंत्र घरघरतं, तेवढ्यावर त्यांची जबाबदारी संपते. खोली गार होईल असं त्यांनी कुठेही लिहून दिलेलं नसतं.

मार्च सरता सरता पहिला फोन जातो.

"काका, एसी थंडच करत नाहीये."

"असं कसं? आम्ही राहत होतो तेव्हा मे महिन्यात पांघरूण लागायचं!"

तुझा पायगुण, हे काका बोलत नाहीत; पण ऐकू येतं. मग सल्ले सुरू होतात. पडदे ओढ, पंखा लाव, 16 वर ठेव. पहिले दोन खरोखर उपयोगी आहेत. तिसऱ्याने खोली लवकर गार होत नाही, कारण जुन्या एसीचा कंप्रेसर एक तर पूर्ण जोराने चालतो नाही तर बंद असतो. 16 वर ठेवलं की तो थांबत नाही इतकंच, आणि बिल भाडेकरूच्या नावाने येतं.

आणखी दोन फोन झाले की काका निदानावर येतात. "गॅस संपला असेल. तू भरून घे, पुढच्या भाड्यात बघू." स्वयंपाकघरातल्या सिलिंडरसारखा एसीतला गॅसही दर उन्हाळ्यात संपतो, अशी त्यांची श्रद्धा असते. प्रत्यक्षात तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, खर्च होत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता गॅस भरणाऱ्या मेकॅनिकची पुढच्या एप्रिलचीही सोय होते. जुन्या यंत्रांतला आर-22 गॅस ओझोनच्या थराला मारक असल्यामुळे 1987 च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने हद्दपार होतो आहे. हे कळल्यावर काका उलट सुखावतात. अशी वस्तू आता मिळायची नाही, म्हणतात.

शेवटी मेकॅनिक येतो. पुढची जाळी काढतो, तर तिच्यावर मागच्या तीन भाडेकरूंची धूळ. ती धुतल्यावर वारा तरी लागायला लागतो. बाजूची हवा बाहेर टाकायची खिट्टी उघडी निघते. काकांनीच कधीतरी उदबत्तीचा धूर जावा म्हणून ओढलेली, तेव्हापासून गार हवा इमानाने बाहेर जाते आहे. खिडकीच्या फटीत थर्माकोल आणि तपकिरी चिकटपट्टी, तीही सुटलेली.

पण खरी मौज मागे असते. विंडो एसी खोलीतली उष्णता मागच्या कॉइलमधून बाहेर फेकतो, आणि त्यासाठी त्याला कुशीच्या झडपांतून बाहेरची मोकळी हवा लागते. काकांनी मात्र गॅलरी काचा लावून बंद करून घेतलेली असते. एसीची पाठ त्या गॅलरीत. तिथे वॉशिंग मशीन, टीव्हीचा रिकामा खोका, जुनी गादी, आणि काचा लागण्यापूर्वी कबुतराने झडपेत खोवलेल्या काड्या. एसी पुढून खोली गार करतो, मागून गॅलरी तापवतो, तीच तापलेली हवा पुन्हा ओढून घेतो आणि उरलेली दाराच्या फटीतून आत पाठवतो.

मेकॅनिक गादी हलवतो, काड्या काढतो, कॉइल धुतो, गॅलरीच्या काचा सरकवतो. मग आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजतो. साधारण 8 ते 10 अंशांचा फरक पडला की यंत्र ठणठणीत समजायचं. तेवढा पडतो.

"बघ, मी म्हणत होतो ना, एसीला काही झालेलं नाही!" काका फोनवर जिंकतात. गॅलरीचा विषय निघाला की त्यांना रेंज नसते. सर्व्हिसिंगचे पैसे भाडेकरूने दिलेले असतात, ते 'पुढच्या भाड्यात' बघायचे राहून जातात. नवा करार करताना काका भाडं वाढवतात आणि कारणही देतात: एसी नुकताच सर्व्हिसिंग केलेला आहे.