पोचा पडलेल्या गाडीची अक्कलकोट रोड यात्रा

सोलापुरात गाडीला पोचा पाडून घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस लादून रस्त्यावर येतात. वळणावर ट्रॅक्टर वळतो, पहिली ट्रॉली वळते आणि दुसरी ट्रॉली स्वतःच्या मताने वळते. हंगाम नसेल तेव्हा रिक्षा आहेत, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याची गर्दी आहे, आणि गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटकडे सुटलेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्या आहेत; त्यांना जायची घाई असते आणि परतायची त्याहून जास्त. पोचा पडण्याचं काम क्षणात उरकतं. लांबचा प्रवास त्यानंतर सुरू होतो, कारण गल्लीतला प्रत्येक माणूस, ज्याच्या दारात सायकलही नाही तोसुद्धा, एक गॅरेज सुचवतो आणि वर सांगतो, “आपलाच माणूस आहे की, माझं नाव सांगा.” नाव सांगून पत्रा सरळ होत असता तर हातोड्यांचा धंदा केव्हाच बसला असता. तरी एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीत न्या.

शांती चौक मागे टाकला, की थोड्याच वेळात मागांचा खडखडाट कानावर येतो आणि आपण वसाहतीत शिरल्याचं कळतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं तेव्हापासून महामंडळाचा प्लॉट नंबरांवर विश्वास आहे. लोकांचा नाही. इथे प्लॉट नंबर विचारत फिरणारा माणूस हमखास परगावचा समजावा. स्थानिक खूण एकच, “टॉवेलच्या कारखान्याच्या मागं.” सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, अडचण एवढीच, की इथे जे काही आहे ते टॉवेलच्या कारखान्यामागे आहे, टॉवेलचे कारखानेही एकमेकांच्या मागे आहेत. गेटवरचा रखवालदार तेलुगूत दिशा दाखवतो, चहावाला कानडीत ती दुरुस्त करतो, डेंटर दखनीत भाव सांगतो आणि बिल, निघालंच तर, इंग्रजीत निघतं. या भटकंतीत निदान रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गॅरेजं बघून होतात. एकीकडे कंपनीच्या बॉडीशॉपची काचेची दर्शनी बाजू, दुसरीकडे चार खांबांवर पत्रे टाकलेलं छप्पर. कुठे थांबावं? माझं उत्तर असं, की जिथे दुसऱ्याच्या गाडीचं अर्धवट झालेलं काम उघडपणे बघू देतात, तिथे. काच की पत्रे, हा त्यानंतरचा प्रश्न.

हे उत्तर वाटतं तेवढं लहरी नाही. आपण गॅरेज पारखतो ते तयार झालेल्या गाड्यांवरून, आणि तयार झालेली प्रत्येक गाडी चकाकते. चकाकी हा रंगाचा आणि पॉलिशचा गुण. ज्यासाठी आपण आलो ते पत्र्याचं काम तिच्याखाली गाडलेलं असतं. कारखान्यातून निघालेल्या गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात, म्हणजे जेमतेम दीड केसाची जाडी. डेंटरने पोचा नीट न काढता दोन मिलिमीटर पुट्टी थापली, तर ती एकटीच २,००० मायक्रॉन झाली. दीड केसाच्या पडद्यामागे तीस केसांची लबाडी सहज मावते. वरून बोट फिरवून ती कळत नाही, आरसा लागावा इतका पृष्ठभाग गुळगुळीत असतो. कळते ती मे महिन्यात, जेव्हा उन्हात उभ्या गाडीचा पत्रा चटका बसेल इतका तापतो. पत्रा आणि पुट्टी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि जाड थर कडक भाकरीसारखा तडकतो. तोवर हमीचा तोंडी करार करणारा कारागीर दुसऱ्या छपराखाली गेलेला असतो.

आता अर्धवट काम म्हणजे काय बघायचं? दाराला पोचा असेल तर चांगला डेंटर आधी आतलं ट्रिम काढतो. आतून एका हाताने लोखंडी डॉली टेकवतो, बाहेरून दुसऱ्या हाताने हातोडी मारतो, आणि मारतो म्हणजे घाव घालत नाही, टकटक करतो. पोच्याच्या कडेपासून सुरुवात करून मध्याकडे येतो. पाच-दहा टकटकींनंतर हातोडी खाली ठेवून तळवा पत्र्यावरून लांब फिरवतो. पुष्कळदा मधे एखादं फडकं धरतो, कारण कापडातून हात अडखळत नाही आणि उंचसखलपणा जास्त कळतो. (हे फडकं शेजारच्या कारखान्यातलं, दुय्यम प्रतीचं सोलापुरी नॅपकिन असण्याची शक्यता दाट. भौगोलिक मानांकन मिळालेल्या कापडाने गाडी पुसणारं शहर दुसरं नसावं.) या वेळी त्याची नजर भलतीकडेच असते. ज्या गॅरेजात हे दृश्य दिसतं आणि दारावरचा पुट्टीचा थर इतका पातळ असतो, की खालचा पत्रा मधूनमधून डोकावतो, तिथे किल्ली द्यायला हरकत नाही. ज्या दारावर करड्या पुट्टीचं पठार दिसतं आणि आतलं ट्रिम जागचं हललेलंही नाही, तिथून चहा पिऊन निघावं. चुंबक खिशात असला तर उत्तम, जाड पुट्टीवर तो धरत नाही. मात्र तो बंपरला लावून गॅरेजवाल्याला चोर ठरवू नये. बंपर प्लॅस्टिकचा असतो.

यावर काचेच्या बाजूने पहिला आक्षेप येतो तो रंगाचा, आणि तो सणसणीत आहे. उघड्यावर कितीही छान पत्रा ठोका, रंग उघड्यावर मारता येत नाही. आणि या वसाहतीत तर नाहीच. जिथे रात्रंदिवस टेरी टॉवेल विणले जातात तिथल्या हवेत कापसाचं तूस असणारच. ओल्या क्लिअर कोटवर ते बसलं, की गाडीला लव फुटते. रंगासाठी गाळलेल्या हवेची बंद खोली हवी, रंग मारल्यावर साठेक अंशांवर भाजायची सोय हवी, आणि रंग वजनकाट्यावर ग्रॅमच्या हिशेबाने मिसळणारा माणूस हवा. हे सगळं मान्य. पण यातून निघतं ते इतकंच, की रंगाचा बूथ असलेलं गॅरेज निवडा. बूथ काचेमागेही असतो आणि काही पत्र्यांच्या छपरामागेही. आणि बूथ आहे म्हणून पत्रा नीट ठोकला जाईल, हे कुठून आलं? उलट बूथची चकाकी जितकी चांगली, तितकी खालची पुट्टी निश्चिंत. रंग जुळण्याचंही तसंच. पांढरी गाडी असली की लोक म्हणतात, पांढऱ्यात काय जुळवायचं. पांढऱ्याच्या असंख्य छटा असतात, त्यात सोलापूरचं ऊन प्रत्येक गाडीला आपापल्या परीने पिवळवतं, त्यामुळे स्टिकरवरच्या कोडप्रमाणे मिसळलेला रंग नव्या गाडीशी जुळतो, आपल्या गाडीशी नाही. जाणता रंगारी आधी एका पट्टीवर फवारून ती गाडीशेजारी उन्हात धरतो. ती पट्टी मागितल्यावर जो हसतो, त्याच्याकडून हसं करून घ्यावं, गाडी रंगवून घेऊ नये.

दुसरा आक्षेप हमीचा. बाहेरच्या गॅरेजात हात लागला की कंपनीची वॉरंटी गेली, हे वाक्य काचेमागच्या वातानुकूलित कोचावर इतक्या मऊ आवाजात ऐकवलं जातं, की ग्राहकाला गाडीऐवजी स्वतःचंच काही बिघडल्यासारखं वाटतं. भारतीय स्पर्धा आयोगाला हा आवाज पसंत पडला नव्हता. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न मिळू देऊन या कंपन्यांनी बाजार अडवला, असं आयोगाचं म्हणणं होतं. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्याच आदेशात बजावलं होतं. पुढे अपिलं वगैरे झालीच. व्यवहारात, ज्या दाराला बाहेर हात लागला त्या दाराच्या गंजाबद्दल कंपनी हात वर करील, हे धरून चालावं. पण दाराचा पोचा काढला म्हणून गिअरबॉक्सची हमी जाते, हे पटवून घ्यायला वातानुकूलन जरा जास्तच लागेल.

तिसरा आक्षेप विम्याचा, आणि हा सर्वांत गोड. “मालक, तुमच्या खिशातून जातंय काय? कॅशलेस आहे.” इथे वही-पेन काढावं. समजा बंपर ८,००० रुपयांचा, रंग आणि मजुरीचे ४,००० रुपये, कर बाजूला ठेवू. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे मिळाले ४,०००. रंगाच्या एकत्रित बिलाचा चौथा हिस्सा माल धरून त्याचा निम्मा कापतात. चारही हजार रंगाचेच धरले तर मिळाले ३,५००. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,०००. हातात पडले ६,५००. आता पुढच्या वर्षी ५० टक्के नो क्लेम बोनस मिळायचा होता आणि त्याआधी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १२,००० होतो असं धरा. दावा केल्यामुळे बोनस शून्य झाला, ६,००० गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, आणखी ३,६०० गेले. दोनच वर्षांत ९,६०० मोजून ६,५०० रुपये फुकट मिळाले. झिरो डेप असेल किंवा बोनस नुकताच सुरू झाला असेल तर गणित फिरतं, आणि मोठ्या अपघाताला तर विमा हवाच. पण लहान पोच्याला कॅशलेसची निवड करणारा माणूस गॅरेज निवडत नाही, गॅरेजच त्याला निवडतं.

एक मर्यादा मात्र वादाशिवाय मान्य करायला हवी. धक्का पत्र्यापलीकडे जाऊन एप्रन, पिलर किंवा चासीपर्यंत पोचला असेल, तर छपराखालच्या तळव्याचं काम संपलं. आजकालच्या गाड्यांत तिथे जास्त ताकदीचं पोलाद असतं. गॅसने लाल करून ते वाकवलं, की सरळ दिसतं आणि कमजोर होतं. तिथे मापं घेऊन खेचणारी यंत्रणा असलेलं बॉडीशॉपच गाठावं. पण तिथेही, काचेवर “ग्राहकांनी यापुढे येऊ नये” अशी पाटी असली तरी, मॅनेजरला घेऊन आत जायचा हट्ट धरावा. सुरक्षेचं कारण सांगतील, तर हेल्मेट मागावं.

राहिला प्रश्न वेळेचा: एवढं बघत फिरायला सवड कोणाला? ज्याची गाडी पोच्यासकट चालते त्याला आहे. पोचा वाढत नाही. रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तरच घाई करावी. घाई असते ती गॅरेजला, आणि तीसुद्धा ताबा देताना. “संध्याकाळी सात वाजता या की मालक, गाडी तयार!” सातला ट्यूबलाइटखाली सगळ्या गाड्या देखण्या दिसतात, दोन पांढरे एकमेकांत मिसळतात आणि ग्राहकाला जेवणाचे वेध लागलेले असतात. म्हणून उद्या दुपारी बाराला येतो म्हणावं. बाराच्या उन्हात गाडी बाहेर काढायला लावून बाजूने, तिरकं, पत्र्याला नजर समांतर धरून बघावं. नीट ठोकलेल्या दारावर समोरच्या विजेच्या खांबाचं प्रतिबिंब सरळ उतरतं, पुट्टीच्या दारावर तोच खांब नागमोडी होतो. मग कुंभारीपर्यंत एक चक्कर मारावी, दार खडखडतं का ते ऐकावं. वसाहतीत मागांच्या आवाजात दाराचा आवाज ऐकू येत नाही, आणि हे गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक असतं. परत येऊन उरलेले पैसे द्यावेत. मे महिना असेल तर डेंटरचं बघून तळवा मात्र पत्र्यावर ठेवू नये. तो नॅपकिन ठेवतो ते उगाच नाही.