खुनी कधी सापडणार, ते वाहिनीला विचारा

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर खून झाला. घाबरू नका, मालिकेत. पहाटे नांदेडहून नागपूरकडे निघालेला ट्रक थांबतो, ड्रायव्हर खिचडीची ऑर्डर देऊन हात धुवायला हॉटेलामागं जातो आणि तिथं प्रेत. अर्धापूरकडून येणारा रस्ता इथंच फुटतो. एक फाटा आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळला. खुन्याला पळायला दोन वाटा आणि पोलिसांना भांडायला तीन जिल्हे. तपास सुरू होण्याआधी ‘हद्द कुणाची’ यातच चार भाग निघतात. लेखकाचं काम संपलं. आता मालिका कुठल्या वाहिनीला द्यायची, एवढंच ठरवायचं.

हा पैशाचा प्रश्न आहे असा लोकांचा गैरसमज आहे. हा तपासाचा प्रश्न आहे. खुनी कोण ते लेखक ठरवतो, पण तो कधी सापडणार ते वाहिनी ठरवते.

जुन्या दूरदर्शनवर मालिकांना तेरा-तेरा भागांची मंजुरी मिळायची आणि खुन्यालाही ते ठाऊक असायचं. अकराव्या भागात त्यानं कुठंतरी रुमाल विसरायचा, तेराव्यात बेड्या. रमेश भाटकरांचा ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आणि शिवाजी साटमांचा ‘एक शून्य शून्य’ बघताना घरातला लहान पोरगासुद्धा निर्धास्त असायचा. पुढं त्याच साटमांना घेऊन निर्माते बी. पी. सिंग सोनीवर गेले. तिथं २१ जानेवारी १९९८ला सुरू झालेली ‘सीआयडी’ वीस वर्षं चालली, कारण गुन्हेगार एका थोबाडीत कबूल व्हायचा. आपली मालिका तिकडं दिली तर इन्स्पेक्टर दया येणार आणि हॉटेलचं दार तोडणार. फाट्यावरच्या सगळ्याच हॉटेलांना दार असतं असं नाही, एवढीच अडचण. स्टार प्रवाहच्या ‘लक्ष्य’मधल्या युनिट ८कडं दिली असती तर त्यांनी आमचं प्रकरण मिटवून पुढची केस घेतली असती. बिचाऱ्यांना निवांत खिचडी खायलासुद्धा वेळ मिळाला नसता.

आणि झी मराठीला दिली तर? तर खुनी पहिल्याच आठवड्यात कळेल. हॉटेलचा मालकच खुनी. साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक, फक्त फाट्यावरच्या लोकांना नाही. ३१ ऑगस्ट २०२०ला रात्री साडेदहाच्या वेळेवर ‘देवमाणूस’ आली आणि तिनं हे शास्त्र पूर्णत्वाला नेलं. कातळवाडीतला बोगस डॉक्टर एकेक माणूस संपवत होता, गाव त्याला देव म्हणत होतं आणि सरू आजीच्या म्हणी ऐकत आपण जेवणं उरकत होतो. खुनी सापडू नये म्हणून इतक्या घरांनी एकाच वेळी देव पाण्यात ठेवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. सापडला तर उद्यापासून साडेदहाला बघायचं काय?

यात लेखकाला दोष देऊ नका. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडे चढले की फौजदाराच्या जीपचं चाक पंक्चर होतं, साक्षीदार विहिरीत पडतो, पुरावा गुरं खातात. आकडे उतरले की तेच फौजदार एकाएकी हुशार होतात. कायद्याचे हात लांब असतात म्हणतात, पण ते गुरुवारपर्यंतच पोचतात. ‘देवमाणूस’ ऑगस्ट २०२१मध्ये संपली आणि डिसेंबरात डॉक्टर दुसऱ्या भागात हजर. तोही भाग संपला. पुढची गोष्ट संपली, मागची संपली, तेव्हा २०२५मध्ये ‘मधला अध्याय’ निघाला. जन्मठेप झालेल्या कैद्यालासुद्धा इतक्या वेळा पॅरोल मिळत नाही.

याच घरातली दुसरी वाहिनी म्हणजे झी युवा. तिच्यावर २०१७मध्ये मुक्ता बर्वेंची ‘रुद्रम’ आली. सूडाची गोष्ट, जिथं सुरू व्हायची तिथं सुरू झाली आणि जिथं संपायची तिथं संपली. एवढा शिस्तीचा गुन्हा मराठी टीव्हीवर क्वचित घडला असेल. कौतुक भरपूर झालं, पण कौतुक करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती नंतर मोबाईलवर बघितली होती. कारण चांगल्या गोष्टीला वाहिनी अशी मिळाली, की रिमोटवर ती सापडायलाच सीआयडी लागावी. २०१९पासून ट्रायच्या नियमानं वाहिन्या निवडून पैसे भरायचे असतात. ज्या वाहिनीचे पैसे भरले नाहीत, तिच्यावर खून झाला काय आणि लग्न झालं काय. “ते काहून लागंना?” “पॅकमधी नाही मालक ते.” विषय संपला. दूरदर्शनची सह्याद्री फ्री डिशवर फुकट दिसते, पण फुकट दिसणाऱ्यात थरार नसतो अशी आपली ठाम समजूत.

बरं, वेळ साडेदहाचीच का? कारण आठ ते दहा घरातला रिमोट कुटुंबाकडं असतो. आता मालिकेतल्या कुटुंबात काय चालतं ते बघा. दुधात विष, जिन्यावर तेल, खोटं मृत्युपत्र, पळवलेलं मूल, बदललेला रिपोर्ट. भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, तरी या घरातलं एकही कलम वाया गेलेलं नाही. फक्त पोलीस तेवढे येत नाहीत आणि म्हणून ती कौटुंबिक मालिका. माझा सल्ला विचाराल तर आपला मुडदा हॉटेलामागून उचलून सासरी ठेवा. फौजदाराला जावेचा भाऊ करा, तपास डोहाळजेवणात लावा आणि नाव द्या ‘हद्द तुझी नि माझी’. रात्री आठची वेळ नक्की आणि तपास आरामात दोन वर्षं.

साडेदहाची आमच्याकडं वेगळीच पंचाईत आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा तर कधी रात्री. रातपाळीच्या आठवड्यात खुनी रंगात आलेला असतो आणि बघणारा बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी देत असतो. हिंगोली जिल्ह्यात मालिकेची खरी स्पर्धा दुसऱ्या वाहिनीशी नसून महावितरणशी असते. सह्याद्री फ्री डिशवर फुकट दिसते, पण फुकट दिसणाऱ्यात थरार नसतो अशी आपली ठाम समजूत.

आणि ते गुरुवारचे टीआरपीचे आकडे येतात कुठून? काही निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांतून. मुंबईत अशी सुमारे दोन हजार आहेत, असं पोलिसांनीच एकदा सांगितलं होतं. कुणाच्या घरात आहेत ते गुपित असतं, गुन्हेकथेला शोभेल असं. ते गुपित फुटल्याचं मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी ८ ऑक्टोबर २०२०ला पत्रकारांना बोलावून जाहीर केलं. तोही गुरुवारच. ठरलेली वाहिनी लावून ठेवण्यासाठी घरटी महिन्याला चारपाचशे रुपये दिले जात होते, असा आरोप. संशयितांच्या यादीत देशभर आवाज करणाऱ्या एका वृत्तवाहिनीबरोबर एक मराठी वाहिनीही होती. म्हणजे इकडं साडेदहाला कातळवाडीत डॉक्टर सुया टोचत होता आणि तिकडं त्याची लोकप्रियता मोजणारी यंत्रणाच आरोपांच्या पिंजऱ्याजवळ येऊन उभी होती. बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे त्यानंतर २०२२च्या मार्चपर्यंत बंद राहिले.

पात्रं तगडी, पैसा, पोलीस, अटका, जामीन, आरोपपत्रं. असा माल कुठल्या निर्मात्याला सुचला नसता. पण ही मालिका कुणीच विकत घेतली नाही आणि २०२४मध्ये राज्य सरकारनंच न्यायालयाच्या परवानगीनं खटला मागं घेतला. खुनी सापडला नाही. खून झाला होता की नाही, तेही कळलं नाही. झी मराठीवर असती तर निदान मधला अध्याय तरी आला असता.