गाडी काढायची की जागा राखायची?

२०२५चा १५ ऑगस्ट शुक्रवारी आला, गोपाळकाला शनिवारी आणि रविवार रविवारीच. जानेवारीत कालनिर्णय भिंतीवर चढलं, त्या दिवसापासून आमच्या घरी या तीन तारखांभोवती लाल गोल होता. शुक्रवारी जायचं, दोन रात्री राहायचं आणि रविवारी परत यायचं, एवढं ठरलेलं. परगावच्या माणसाला वाटेल, अवघड प्रश्न हॉटेलच्या खोलीचा किंवा घाटातल्या कोंडीचा. बोनकोडे गावात पहिला प्रश्न वेगळाच असतो. गाडी काढली, तर जागेचं काय?

आमचं शहर नियोजित आहे. १९७० साली सिडको आली, भातखाचरांचे सेक्टर झाले. बोनकोडे त्याआधीपासून होतं, ते सेक्टरांच्या मधोमध जिथल्या तिथे राहिलं. गावाच्या गल्ल्या बैलगाडीच्या बेताच्या. भोवतीची छोटी घरं आखणाऱ्यांनी बहुधा असा हिशेब केला असावा, की इथे राहणारा माणूस फार तर सायकल घेईल. त्या माणसाने दगा दिला. आधी स्कूटर घेतली, मग हप्त्यांवर गाडी घेतली. आता आतली गाडी काढायची तर बाहेरच्या चौघांना फोन करावे लागतात आणि त्यातला एक नेमका गावी गेलेला असतो. माझी गाडी मार्चपासून हललेली नव्हती. तिच्या टपावर शेजारचे पापड वाळत, बॉनेटवर मांजर बाळंत झालेली. गाडी म्हणजे घराचा दुसरा ओटाच.

बेत कळला तशा घरमालकीण मावशी ओट्यावरूनच म्हणाल्या, “गारी काढू नको रं. गारी गेली तं जागा गेली.” मावशींचा अनुभव मोठा आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत अख्ख्या गावाची जागा गेलेली आहे.

तरीही मंगळवारी रात्री बैठक बसली. ऐरोलीचा मेहुणा म्हणाला, अलिबाग. पण गणपती पंधरा दिवसांवर आलेले, म्हणजे पेणच्या रस्त्याला मूर्तींचे टेम्पो. बाप्पाला ओव्हरटेक करणं आईला मंजूर नव्हतं. बायको म्हणाली, माथेरान. मला ते एकदम पटलं. दस्तुरी नाक्यापुढे गाडी नेताच येत नाही, म्हणजे तिथली सहल मुळात पार्किंगपासूनच सुरू होते. बोनकोडेकराला याहून मोठं तीर्थ नाही! पण सुट्टीच्या दिवशी दस्तुरीचं पार्किंगही भरतं आणि गाड्या घाटात एकीमागे एक लागतात. एवढी चढण चढून गल्लीतच उभं राहायचं, तर मग आमची गल्ली काय वाईट? शेवटी लोणावळा. लोणावळा कुणी निवडत नाही, बाकीचं सगळं रद्द झालं की तेच उरतं.

आता जागा राखायची. विटा ठेवल्या तर कुणाच्या तरी बांधकामाला लागतात. खुर्च्या ठेवल्या तर वाढदिवसाला जातात. तुळशीची कुंडी ठेवू, मी म्हणालो, ती हलवायचं धाडस कोण करील? “तुळशीला वॉचमन करता?” बायकोने विचारलं आणि बैठक संपली.

प्रश्न सोडवला तो बुधवारी हंडीच्या पोरांनी. “काका, साउंडचा टेम्पो आत घ्यायचाय. शुक्रवारी सकाळी गल्ली रिकामी पाहिजे.” म्हणजे आता जावंच लागणार होतं.

पहाटे चारला निघालं की ट्रॅफिक लागत नाही, हे गुपित फक्त आम्हालाच ठाऊक होतं. कळंबोलीला कळलं, ते निम्म्या मुंबईला ठाऊक आहे. मेहुण्याने त्याच दिवशी सुरू झालेला तीन हजारांचा वार्षिक फास्टॅग पास मोठ्या अभिमानाने काढलेला. आता वर्षभर दोनशे नाके फुकट, तो म्हणाला. खालापूर नाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला. पास राष्ट्रीय महामार्गांचा आणि हा द्रुतगती मार्ग राज्याचा. स्वातंत्र्यदिनी एवढं संघराज्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

बोरघाटात सगळं थांबलं. इथे पूर्वी अमृतांजन पूल होता. १८३०चा हा पूल डोकेदुखीच्या बामच्या जाहिरातीवरून ओळखला जाई. तो पाडायला सरकारनेही मुहूर्त शोधला तो एप्रिल २०२०चा, टाळेबंदीचा. घाट रिकामा मिळावा म्हणून खुद्द सरकारला महासाथीची वाट पाहावी लागते, तिथे आम्ही चारचा गजर लावून आलो होतो. बाम गेला, डोकं मात्र तिथेच ठणकतं.

पाय मोकळे करायला उतरलो, तर पुढच्या गाडीत आमच्याच दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ. त्यांच्या पुढे किराणावाला. डावीकडे तो गावी गेलेला, ज्याचा फोन कधीच लागत नाही. त्यालाही चार वाजताच निघायचं सुचलं होतं. थर्मास निघाले, चकल्या फिरल्या. गल्लीत गेल्या पाच वर्षांत जेवढं बोलणं झालं नव्हतं, तेवढं घाटात झालं.

मग भाऊंनी सगळ्या गाड्यांवरून एकदा नजर फिरवली आणि आवाज खाली आणून विचारलं, “अहो, मग आत्ता गल्लीत आहे कोण?”

कुणीच नव्हतं. शनिवारी रात्री हंडी फुटून टेम्पो निघाला, की बोनकोडे गावात मोजून अकरा जागा रिकाम्या होणार होत्या. चहा तसाच ठेवून सगळे आपापल्या गाड्यांकडे पळाले. पण द्रुतगती मार्गावर वळून मागे फिरता येत नाही. आता पहिला फाटा लागणार, तो लोणावळ्याचाच.