दिवा कोणाचं ऐकतो?

डिसेंबर २०१९मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल या एरवी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या कंपन्या एका मांडवात आल्या आणि ऑक्टोबर २०२२मध्ये घरातल्या स्मार्ट उपकरणांसाठी ‘मॅटर’ नावाचं मानक बाहेर पडलं. कोणताही दिवा, कोणाच्याही ॲपमधून! छत्तीस गुण जुळले म्हणायचे. फक्त फ्रीज आणि केर काढणारा रोबो यांना वऱ्हाडात जागा मिळायला २०२३चा ऑक्टोबर उजाडला. कॅमेरा तेव्हाही मांडवाबाहेरच. शिवाय मानकात सोय आली म्हणून ती तुमच्या ॲपमध्ये येईलच असं नाही. तिथे ज्याची त्याची मर्जी.

आमच्या घरीही चाचणी झाली. एका ॲपमध्ये दिवा लागतो, पण रंग बदलत नाही. दुसऱ्यात रंग बदलतो. तिसरं सांगतं, ‘उपकरण प्रतिसाद देत नाही’, आणि दिवा समोर लख्ख चालू असतो. तेवढ्यात आईनं सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि तिन्ही ॲपांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

आता त्या बटणावर चिकटपट्टी लावून लिहिलंय : ‘हात लावू नये. घर स्मार्ट आहे.’